वडिलांचा कॅमेरा हाती आला की आधी निगेटिव्ह उघडा

गेल्या दोन वर्षांत ओळखीच्या चार-पाच जणांनी मला एकच प्रश्न विचारला. चाळ पुनर्विकासाला गेली, माळा रिकामा करताना वडिलांचा कॅमेरा निघाला, आता त्याचं काय करायचं? दोघांनी तो शोकेसमध्ये मांडून ठेवला होता. एकाने चोर बाजारात किती येतील ते विचारलं. त्या सगळ्यांना फोनवर जे तुकड्यातुकड्यात सांगितलं, ते एकदा नीट लिहून काढते.

माझे वडील, आमचे नाना, गिरगावातल्या एका छापखान्यात ब्लॉकमेकिंगला होते. फोटोवरून जस्ताच्या पत्र्यावर हाफटोन ब्लॉक करायचा, म्हणजे फोटोतला प्रत्येक करडा रंग बारीक-मोठ्या ठिपक्यांत बसवायचा आणि पत्रा आम्लात खायला घालायचा. आठवडाभर हे काम, आणि रविवारी गळ्यात यशिका मॅट १२४ जी. वर एक, खाली एक अशी दोन भिंगं असलेला, पोटाशी धरून वरून काचेत बघायचा कॅमेरा. हे मॉडेल १९७० साली आलं. नानांनी सेकंडहँड घेतला तो १९७४ मध्ये. तेव्हापासून १९९१ पर्यंत त्यांनी त्यावर त्रेसष्ट रोल काढले. रोलला बारा फ्रेम. मी सहकारी बँकेत नोकरी केली, पण फोटोचा नाद मला त्यांच्याकडूनच लागला.

आता नाना चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत आणि बोरिवलीला माझ्याकडे असतात. डोळ्यांतला मॅक्युला गेलाय. मधलं दिसत नाही, कडेचं थोडं दिसतं; म्हणून माझ्याकडे बघायचं असलं की मान जराशी वळवून बघतात. फोटो त्यांना दिसत नाहीत. तरीही या सगळ्या कामात त्यांचीच मदत सगळ्यात जास्त झाली. कशी, ते पुढे येईलच.

कॅमेरा राहू द्या, डबा शोधा

कॅमेरा सापडला की माणूस तो डोळ्याला लावतो, बटणं दाबून बघतो. थोडं थांबा. आधी निगेटिव्ह शोधा. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, लग्नाच्या अल्बमच्या मागच्या खिशात, विम्याच्या कागदांच्या फायलीत, कुठेही असतील. अल्बममध्ये जे फोटो असतात ते पसंत पडलेले असतात, आणि तेही पैसे होते तेवढेच छापलेले. वडील कसे बघायचे हे तुम्हाला अल्बम सांगणार नाही, ते पट्ट्यांमध्ये आहे.

यात मी एक चूक केली आहे, ती आधी सांगते, म्हणजे तुमच्या हातून होणार नाही. वेळ नाही म्हणून पहिले नऊ रोल मी स्कॅन करायला एका दुकानात टाकले. आठवड्याने पाकीट मिळालं. त्यांच्या यंत्रात बसावं म्हणून त्यांनी तीन-तीन फ्रेमच्या पट्ट्या कापून सुट्या फ्रेम केल्या होत्या आणि एकशे आठ तुकडे एका पिशवीत घातले होते. ‘हललेले आणि काळे’ असे बत्तीस तर स्कॅनच केले नव्हते. कुठल्या फ्रेमनंतर कुठली, हे सगळं गेलं. तो क्रम लावायला मला चार महिने लागले. बऱ्याच फिल्मच्या कडेला कंपनीचं नाव आणि बारीक आकडे असतात, ते भिंगाखाली वाचले. जिथे आकडा नव्हता तिथे कापलेली कड कडेला लावून बघितली, सावल्या कुठे सरकल्यात ते पाहिलं. भिंग नानांचंच, छापखान्यातलं, ठिपके तपासायचं.

तेव्हा निगेटिव्ह बाहेर देणार असाल तर लिहून द्या: पट्टी कापायची नाही, आणि एकही फ्रेम वगळायची नाही.

घरी करणं मात्र अवघड नाही. सामान इतकंच: चित्र गिरवायला मिळतो तो एलईडी लाइट पॅड, मॅक्रो लेन्सचा, म्हणजे अगदी जवळून टिपणारा डिजिटल कॅमेरा (नसेल तर चांगला फोन), कॅमेरा खाली तोंड करून धरणारा स्टँड, धूळ उडवायचा रबरी फुगा, सुती हातमोजे आणि काळा कार्डपेपर. कार्डपेपरला फ्रेमच्या मापाची खिडकी कापा आणि पॅडचा बाकीचा उजेड झाका, नाहीतर चित्र फिकट येतं. कॅमेरा पॅडला समांतर आहे की नाही हे बघायची सोपी युक्ती म्हणजे निगेटिव्हच्या जागी छोटा आरसा ठेवायचा. कॅमेऱ्यात त्याच्याच लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मधोमध दिसलं की झालं.

पट्टी फक्त कडेने धरा. एक बाजू चकचकीत असते, एक मंद. मंद बाजूवर चित्राचा थर असतो, तिथे बोट लागता कामा नये. चकचकीत बाजू कॅमेऱ्याकडे ठेवली की कडेची अक्षरं सुलट वाचता येतात आणि चित्रही सुलट येतं. धूळ तोंडाने फुंकू नका, थुंकीचा थेंब उडतो. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, एफ (भिंगाच्या तोंडाचं माप, आकडा जितका मोठा तितका कमी उजेड) ८, दोन सेकंदांचा टायमर. आधी अख्ख्या पट्टीचा एक फोटो घ्या, मग एकेका फ्रेमचा. अख्ख्या पट्टीचा फोटो सगळे गाळतात, आणि क्रम तोच जपतो. मग कॉम्प्युटरवर उलटं करून काळ्याचं पांढरं करा. ऐंशीच्या दशकातल्या रंगीत पट्ट्या असतील तर त्या आधी घ्या. रंग उडत जातात, कृष्णधवल जास्त टिकतं.

डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर त्या पट्ट्या लगेच वेगळ्या करा आणि स्कॅनिंगला पहिला नंबर त्यांना द्या. फिल्मचा पायाच कुजायला लागलेला असतो, शेजारच्या पट्ट्यांनाही ते लागतं. एकमेकींना चिकटलेल्या पट्ट्या ओढू नका. आणि मुंबईत हे काम डिसेंबर-जानेवारीत करा. तेव्हा हवा कोरडी असते, बोटांना घाम नसतो, फिल्म सपाट राहते. पावसाळ्यात तीच फिल्म हाताला मऊ लागते.

शेजारी बसून वाचा

आई किंवा वडील असतील तर हे काम उद्यावर टाकू नका. एका बैठकीला एकच रोल, वीस मिनिटं, फोनवर आवाज रेकॉर्ड करत. ‘हा कोण’ एवढंच विचारत बसू नका. ‘तुम्ही कुठे उभे होता’, ‘किती वाजले होते’, ‘याच्या आधी काय काढलंत’ असं विचारा. माणसांची नावं विसरलेली असतात, उभं राहायची जागा सहसा विसरलेली नसते.

नानांना दिसत नाही म्हणून मी पट्टी वाचून दाखवते. १९७६ चा एक रोल होता, ऑर्वो एनपी २२. तेव्हा पूर्व जर्मनीहून येणारी ही फिल्म इथे पुष्कळ वापरात होती. मी सांगितलं, “पहिल्या फ्रेममध्ये चाळीचा कठडा आहे. वाळत घातलेलं लुगडं. माणूस नाही.”

“ऊन कुठवर आलंय?”

“दुसऱ्या गजापर्यंत.”

“मग लवकर आलोय मी. पुढे बघ.”

“पुढे तेच. ऊन तिसऱ्या गजावर.”

“आता आजी. चौथ्या गजाला ऊन आलं की ती दळण निवडायला तिथे बसायची.”

तिसऱ्या फ्रेममध्ये आजी होती. मांडीत सूप, अर्धा चेहरा उन्हात. हा फोटो आमच्या घरात चाळीस वर्षं भिंतीवर होता आणि मला तो नेहमी सहज मिळालेला वाटायचा. मी विचारलं, बारातल्या दोन फ्रेम रिकाम्या कठड्यावर का घालवल्यात? ते म्हणाले, “ती येईल की नाही ठाऊक नव्हतं. नसती आली तर लुगडं तरी हवं.”

मी आज चाळीतल्या दारात, स्टेशनच्या पुलावर उभी राहून वाट बघते ना, ती हीच. हे मला त्या तीन फ्रेम ओळीने लावल्यावर कळलं. भिंतीवरच्या फोटोत पहिल्या दोन नव्हत्या.

आणि दुसरी गोष्ट. प्रत्येक रोलची बारावी फ्रेम हललेली होती. दुकानाने वगळलेल्यांत या नऊच्या नऊ होत्या. पुढचे रोल मी घरी केले तेव्हा लक्षात आलं की हललेल्या फ्रेममध्ये सगळीकडे आईच आहे. स्टोव्हपुढे, मोरीशी, दिव्याखाली कपडे घडी घालताना. नाना म्हणाले, रोल रात्रीच धुवायचा असायचा, म्हणून बाहेर अकरा झाल्या की बारावी घरी येऊन संपवायचो. साठच्या बल्बच्या उजेडात पाव सेकंद लागायचा, हात हलायचा. त्या कधीच छापल्या नाहीत. आई २०११ मध्ये गेली. माझा एक फोटो धड नाही, असं ती कायम म्हणायची. तिचे त्रेसष्ट फोटो डब्यात होते.

म्हणून पुन्हा सांगते, बिघडलेल्या फ्रेम वगळू नका.

स्कॅन झालेली पट्टी पॉलीप्रोपिलीनच्या किंवा आम्लविरहित कागदाच्या पाकिटात ठेवा. नव्या रेक्झिनसारखा वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पाकिटात नको. पाकिटावर पट्टी घालण्याआधी पेन्सिलीने लिहा: साल, जागा, रोल क्रमांक, पट्टी क्रमांक. संगणकावर फाइलला तेच नाव. प्रती तीन, त्यातली एक दुसऱ्या घरात.

आता कॅमेरा

चामड्याची केस आधी काढून बाजूला ठेवा. चामडं दमट हवा धरून ठेवतं आणि बुरशी तिथून सुरू होते. मागचं झाकण उघडण्याआधी आत रोल नाही ना ते बघा. काउंटर एकपासून बारापर्यंत कुठल्याही आकड्यावर असला आणि हँडल फिरवताना ओढ लागली, तर फिल्म आत असू शकते. तसं असेल तर पूर्ण गुंडाळून घ्या, अंधाऱ्या जागी काढा आणि धुवायला द्या. चाळीस वर्षांनीही काहीतरी निघतं.

मग शटर बी वर (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं राहतं) धरून मागून टॉर्च मारा आणि लेन्समधून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी. वरवर असेल तर लेन्स पुसायचा द्राव आणि मऊ कागद वापरा. आतल्या भिंगांवर असेल तर हात लावू नका, कारागिराकडे न्या. फोर्टात बोरा बाजारला कॅमेऱ्याची दुकानं आहेत. तिथे विचारलं की जुने यांत्रिक कॅमेरे उघडणारी माणसं कळतात. झाकणाच्या कडेचा फोम हाताला काळा, चिकट लागला तर तोही बदलून घ्या, नाहीतर उजेड आत शिरून फिल्मवर पट्टे येतात.

शटर सगळ्या वेगांवर दाबून ऐका. आतलं ग्रीस सुकलं की मंद वेग अडखळतात. हे मला नानांनी शिकवलं. मी कॅमेरा त्यांच्या कानाशी धरून १/८ वर दाबला. ते म्हणाले, “हे आठ नाही, चारला गेलंय.” फोनवर आवाज रेकॉर्ड करून मोजला तर खरंच जवळजवळ दुप्पट वेळ लागत होता. सेल्फ टायमरच्या दांडीला मात्र हात लावू नका. जुन्या शटरमध्ये ती अडकली की अख्खं शटर बंद पडतं.

१२४ जी च्या उजेड मोजायच्या मीटरला पाऱ्याचा १.३५ व्होल्टचा सेल लागायचा, तो आता मिळत नाही. कानाच्या यंत्रातला ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल त्या व्होल्टेजच्या जवळ जातो; तो आकाराने लहान असतो, भोवती एक रिंग घालावी लागते. मीटर नाही चालला तरी हरकत नाही, शटर सेलवर अवलंबून नाही. आणि झाकणाच्या आतली दाबपट्टी १२ वर आहे ना ते बघा. २४ ची खूण लांब २२० फिल्मसाठी होती.

पावसाळा, म्हणजे जून ते सप्टेंबर, कॅमेऱ्याची खरी परीक्षा. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, शक्य असलं तर आर्द्रता मोजायचं छोटं मीटर ठेवा. आकडा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान राहिला की उत्तम. जेलचा रंग बदलला की मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येतं. डांबराच्या गोळ्या नकोत, तांदूळही नको, त्याची पूड आत जाते. पंधरा दिवसांतून एकदा कॅमेरा बाहेर काढून दोन-चार वेळा शटर दाबा.

त्यांच्या जागी, त्यांच्या उंचीवर

नानांचा बाणगंगेचा एक फोटो आहे, १९७९ चा. पायऱ्यांवर दोन मुलं आणि तलावात पडलेलं देवळाचं प्रतिबिंब. फोन घेऊन मी तीनदा गेले, तोच कोपरा, तीच सकाळ, पण चित्र काही जुळेना. चौथ्या वेळी यशिका नेला आणि लगेच कळलं. हा कॅमेरा बेंबीशी असतो. नानांच्या सगळ्या फोटोंत मुलं डोळ्याला डोळा देतात, जमीन जास्त दिसते, मोठी माणसं उंच वाटतात, कारण बघणारी काच साडेतीन फुटांवर आहे. आणि समोरच्या माणसाला कोणी डोळा रोखून बघतंय असं वाटत नाही. फोटो काढणारा मान खाली घालून उभा असतो. भारतातल्या पहिल्या महिला छायाचित्र-पत्रकार होमाई व्यारावाला यांच्या हातातही पुष्कळदा असाच दोन भिंगांचा रोलिफ्लेक्स असायचा. तुमच्याकडे तसा कॅमेरा नसला तरी वडिलांचा कॅमेरा कुठल्या उंचीवर धरला जायचा ते शोधा आणि फोन तिथे धरा.

त्यांनी जिथे फोटो काढले त्यातल्या तीन जागा निवडा, त्याच वेळी जा. गिरगावात काही कोपरे ओळखू येत नाहीत, मेट्रोच्या कामात तिथल्या जुन्या इमारती गेल्या. तरी ऊन त्याच दिशेने येतं, तेवढ्यावर जागा सापडते.

पहिला रोल कृष्णधवल, आयएसओ ४०० चा घ्या, उदाहरणार्थ इल्फर्ड एचपी ५. वेग १/५०० ठेवून: कडक उन्हात एफ १६, विरळ ढगांत ११, पूर्ण ढगाळ असेल तर ८, पावसाळी काळवंडलेलं आभाळ ५.६, इमारतीच्या सावलीत ४. चाळीच्या गॅलरीत उजेड यापेक्षा कमी असतो, तिथे वेग १/१२५ वर आणा. नानांनी हाच तक्ता त्यांच्या १२५ च्या फिल्मसाठी फिल्मच्या खोक्याच्या आतल्या बाजूला लिहिला होता, ‘गॅलरी, सकाळी ८, चारवर साठ’ (एफ ४, वेग १/६०) असा. तुमच्या घरातही खोकी असतील तर आतून उघडून बघा.

काचेत डावं-उजवं उलटं दिसतं, त्याची सवय एका रोलमध्ये होते. रोल सावलीत भरा, कागदावरचा बाण आतल्या खुणेला लावा, झाकण लावून हँडल थांबेपर्यंत फिरवा, मग उलट फिरवून जागेवर आणा.

धुलाई बाहेर देऊ शकता. घरी करायची असेल तर डी ७६ हे फिल्म धुवायचं रसायन एकास एक पाण्यात, २० अंशांवर ११ मिनिटं. मुंबईत नळाचं पाणी मे महिन्यात ३० च्या आसपास असतं, म्हणून रसायनाची बाटली बर्फाच्या बादलीत ठेवून थर्मामीटर लावा. नाना मोरीत हेच करायचे, रात्री साडेअकरानंतर, चाळीतले दिवे विझल्यावर.

बारावी फ्रेम घरी आणा. पण हातात धरू नका. मी कॅमेरा ओट्यावर गव्हाच्या डब्यावर ठेवते, उंची तेवढीच येते, केबल रिलीज (लांबून शटर दाबायची तार) लावते आणि १/४ ला दाबते. शटर दुरुस्त झालंय, तरी दाबलं की आतल्या खोलीतून नाना विचारतात, “पाव होता ना?” मी हो म्हणते आणि पाकिटावर पेन्सिलीने लिहिते: रोल ६४, फ्रेम १२, नाना, पाव सेकंद.